भिंतीवर नसलेलं नाव

हॅमिल्टन, कॅनडा
६ एप्रिल १९८६

प्रिय देल्फिना,

बसून वाच. तुझा भाऊ इटलीला येतोय, तेहेतीस वर्षांनी.

माझ्या मफाल्दाला जाऊन फेब्रुवारीत दोन वर्षं झाली. तिच्या शिवणाच्या डब्यात मला एक यादी सापडली. मासिकांतली चित्रं कापून वहीच्या कागदावर चिकटवलेली आणि प्रत्येक चित्राखाली तिच्या त्या गोल अक्षरात नाव: व्हेनिस, बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स, मग समुद्राकाठची आमाल्फी आणि पोझितानो, आणि सगळ्यात खाली आपल्या बाजूची ती कड्याला चिकटलेली पाच गावं. बिचारीने इटली म्हणून काय पाहिलं? उदिनेजवळचं तिचं खेडं, एक आगगाडी आणि जिनोआचा धक्का. एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसली ती बसलीच. दर वर्षी म्हणायची, पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. आणि दर वर्षी मी म्हणायचो, बघू. आता तिच्या वाटचं मी बघून येणार आहे.

आठ ऑगस्टला मिलानला उतरेन. व्हेनिसला तीन दिवस, बोलोन्याला एक, फ्लॉरेन्सला चौदा ते सतरा, मग रोम, नेपल्स, खालची गावं, आणि परत वर येताना ती पाच गावं करून जिनोआ. तू मला गाड्यांच्या वेळा कळव. दोन जिने चढावे लागणार नाहीत अशा साध्या लॉजची नावं कळव. पोलादाच्या भट्टीच्या धुळीने छातीचं भजं झालंय. फोन करू नकोस, मला फोनवर काही ऐकू येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर रडारड नको. कालाफोस्कात मी पाय ठेवणार नाही. तू जिनोआच्या स्टेशनात ये, दोघं बसून जेवू, पोटभर बोलू. पण ज्या गावाच्या भिंतींवर मी माझ्या आईचा मुलगा नव्हतो, त्या गावात मला काम नाही. थोरल्या बाल्दोला सांगायचं असेल तर खुशाल सांग.

तुझा,
एल्विओ

कालाफोस्का
२१ एप्रिल १९८६

एल्विओ,

बसून वाच म्हणालास, मी पोस्टाच्या दारात उभ्यानेच वाचलं आणि अशी ओरडले की पोस्टमास्तरीण पाणी घेऊन धावत आली. आज सकाळपासून अख्ख्या गावाला माहीत आहे. तीनदा रडले आणि आता चिडायला बसले आहे.

अरे शहाण्या, फ्लॉरेन्सला चौदा ते सतरा ऑगस्ट? पंधरा ऑगस्टला, मरियेच्या सणाला, या देशात कुत्रंसुद्धा शहरात राहत नाही हे विसरलास? दुकानं बंद, खानावळी बंद, बेकरीवाला समुद्रात पोहतोय. मफाल्दाचं फ्लॉरेन्स तू कुलपांवरून हात फिरवून बघणार का? पूर्ण कॅनेडियन झालास बाबा. सप्टेंबरात ये. ऊन उतरतं, परदेशी गर्दी ओसरते, गाडीत बसायला जागा मिळते.

आणि तुझा मार्ग उलटा आहे. मिलानहून आधी खाली समुद्राकडे ये, म्हणजे पहिल्यांदा आमच्याकडे. आठ दिवस विश्रांती घे, लांबच्या प्रवासाने माणूस अर्धा होतो. मग ती पाच गावं, ती तर इथून हाकेच्या अंतरावर आहेत. मग पिसा, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स, आणि परतताना बोलोन्या, व्हेनिस. नकाशा काढून बघ, माझंच बरोबर आहे. लॉजचं मी बघते. पण या घरी तुझी खोली असताना पहिली रात्र तू लॉजवर काढणार असशील तर मी गावात तोंड कसं दाखवू? लोक म्हणतील, बहिणीने दार उघडलं नाही.

बाल्दो ठीक आहे. वय झालंय त्याचं, आपलंही झालंय. तुझं येणं मी त्याला सांगितलं.

अक्रोडाच्या चटणीतले, पालेभाजी भरलेले पान्सोती करीन, आईसारखे. ये रे.

देल्फिना

हॅमिल्टन
८ मे १९८६

प्रिय देल्फिना,

सप्टेंबर कबूल. पंधरा ऑगस्टचं मी विसरलो याची लाज वाटली. इथे त्या दिवशीही भट्टी चालू असायची. दोन सप्टेंबरचं तिकीट काढलंय.

मार्ग मात्र कबूल नाही. तू मला नकाशा शिकवू नकोस. मिलानहून व्हेनिस अडीच-तीन तासांवर आहे, आणि तू मला आधी कालाफोस्काला बोलावतेस, वर आठ दिवस! तुझी चाल मला कळते फिना, लहानपणीही तुला खोटं बोलता यायचं नाही. थोरल्यानेच तुला पुढे केलंय ना? त्याला म्हातारपणी वाटतंय, धाकट्याने येऊन पाया पडावं म्हणजे सगळं मिटलं. त्याला सांग, मी मफाल्दासाठी येतोय.

अडुसष्टचा डिसेंबर आठवतो? एर्कोले न्हाव्याने मला आई गेल्याचा तो छापील कागद पाठवला, भिंतीवरून ओला असताना सोलून काढलेला, मागे खळ लागलेली. काळी चौकट, आईचं नाव, आणि खाली दुःखी: मुलगा बाल्दो, मुलगी देल्फिना, सून, नात, भाचे, आणि रापाल्लोची ती चुलत आत्या, जिने आईशी वीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं. तिचंसुद्धा नाव! माझं नाही. चर्चच्या भिंतीवर, मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर, स्टेशनात, सगळीकडे. आपल्या गावात ज्याचं नाव त्या कागदावर नसतं तो त्या घरचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी बाल्दोला लिहिलं, हे कोणी केलं? त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "मीच केलं." ना कारण, ना क्षमा. त्यानंतर त्याला माझं एक अक्षर गेलं नाही आणि जाणारही नाही.

तू रागावू नकोस. तुझ्यावर माझा कधीच राग नव्हता. त्या घरात माझं म्हणून कोणी उरलं असेल तर तूच.

एल्विओ

कालाफोस्का
२४ मे १९८६

एल्विओ,

इथे पंधरा दिवस पालेभाजी बंद होती. रशियातली ती अणुभट्टी फुटली, तिचा ढग म्हणे आमच्या कोबीवर आला. मी बागेतली सगळी पालेभाजी उपटून टाकली. त्यात पुन्हा तुझं पत्र, म्हणजे महिना चांगलाच गेला म्हणायचा.

बरं, तुझा मार्ग राहू दे. आधी व्हेनिस, मग बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. पण खालची गावं कमी कर. आमाल्फीला जाऊन पोझितानोला दोन दिवस कशाला? पायऱ्याच पायऱ्या आहेत तिथे, तुझी छाती काय म्हणेल? एक दिवस पुरे. रोमही तीन दिवसांत होतं. म्हणजे सतरा-अठरा तारखेपर्यंत तू इकडे येशील. आणि इथे तासभर थांब. एकच तास. पॅसेंजर गाडी इथे थांबते, तिच्यातून उतर, पुढच्या गाडीत बस. मी फलाटावर कोणालाही येऊ देणार नाही, शप्पथ. नाहीतर पाच गावांहून बोटीने ये, धक्क्यावर उतरायचंही नाही, बोटीतूनच बघ.

तुला खोटं का सांगू, बाल्दोची तब्येत थोडी नरम आहे. चालताना काठी लागते. मी कळवलेलं त्याला आवडणार नाही. पण आपल्यात आता कोणीच तरुण नाही, एवढं लक्षात ठेव.

आणि तू नेहमी त्या कागदाचंच बोलतोस म्हणून मीही एकदा विचारते. अठरा वर्षांत विचारलं नाही, आज विचारते. तू आला का नाहीस रे? आई जाणार हे मी तुला तीन आठवडे आधी कळवलं होतं. उत्तरात काय आलं, तर तार: "येऊ शकत नाही. क्षमा." लोक भाऊबंदांची मांजरं मेली तरी यापेक्षा जास्त लिहितात. आम्ही काय समजायचं होतं?

देल्फिना

हॅमिल्टन
१० जून १९८६

देल्फिना,

विचारलंस म्हणून सांगतो. मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आता लपवून तरी काय करायचंय.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी भट्टीवर साखळी तुटली आणि वितळलेलं लोखंड सांडलं. माझ्या पुढे होता तो पोलिश माणूस जागीच गेला. माझे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. तुझं पत्र मला इस्पितळात मिळालं. मफाल्दाने वाचून दाखवलं, कारण मला बसता येत नव्हतं. मी तिला म्हटलं, यातलं काहीही कळवायचं नाही. आई मरायला टेकली आहे, तिच्या डोक्यात माझे पाय नकोत. तार मी सांगितली आणि तिने जाऊन केली. तिला आणखी लिहायचं होतं. मीच म्हटलं, एवढं पुरे. इस्पितळातून मी जानेवारीत बाहेर आलो. घरी एर्कोलेचं पाकीट वाट बघत होतं.

कागद बघितला आणि मग कशाला सांगू? ज्या भावाने मला पुसून टाकलं त्याच्या दारात जाऊन, बघा हो माझे पाय, म्हणू? नाही सांगितलं. हट्ट म्हण, गाढवपणा म्हण. मफाल्दा म्हणायचीच.

म्हणून तुझं ते एक तास फलाटावर वगैरे राहू दे. त्याने मला न विचारता ठरवलं की मी आईला टाकलं. मी सतरा सप्टेंबरला जिनोआत असेन. तू ये. पान्सोती डब्यात घालून आण.

एल्विओ

कालाफोस्का
१९ जुलै १९८६

एल्विओ,

हे चौथं पत्र. तीन लिहून चुलीत घातली. तुझं पत्र आल्यापासून मला घास जात नाही आणि गाव विचारतंय की देल्फिना आजारी आहे का.

तो कागद बाल्दोने लिहिला नाही. मी लिहिला.

आता पुढचं वाच, फाडू नकोस. आई मंगळवारी पहाटे गेली. बाल्दो पाद्रीकडे आणि सुताराकडे गेला, मला म्हणाला, तू किआव्हारीला छापखान्यात जा. सहा वर्षं मी तिला कुशीवर वळवलं होतं एल्विओ. भरवलं, धुतलं, तिची बोलणी खाल्ली. एत्तोरे मला लग्नाचं विचारत होता, त्याला दोनदा थांब म्हटलं, तिसऱ्यांदा तो थांबला नाही. आणि शेवटचे तीन दिवस ती फक्त तुझं नाव घेत होती. "एल्विओ आला का? एल्विओची बोट लागली का?" मी तिचा हात धरून बसलेली, आणि ती मला म्हणते, "बाई, जरा माझ्या एल्विओला बोलवा." मला बाई म्हणाली. तुझी ती दोन वाक्यांची तार माझ्या एप्रनच्या खिशात होती.

छापखान्यातल्या माणसाने नावं लिहून घेतली, क्रमाने. रापाल्लोच्या आत्याचंही मी सांगितलं. त्याने विचारलं, "आणखी कोणी?" मी म्हटलं, "नाही. एवढेच."

त्या क्षणी मला बरं वाटलं. हेही लिहिते, कारण अर्धंच खरं लिहायचं तर हे पत्रही चुलीत जाईल. किआव्हारीहून परतेपर्यंत बरं वाटत होतं. मग स्टेशनातच भिंतीवर, छापखान्याच्या पोऱ्याने माझ्याआधी येऊन लावलेला, पहिला कागद दिसला आणि बरं वाटणं तिथेच संपलं. पण तोवर तो गावभर लागला होता. बाल्दो दुपारी खालच्या त्याच्या घरून वर माझ्याकडे आला. दारात उभा राहिला, माझ्याकडे बघितलं आणि खाली गेला. चौकात लोकांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "मी सांगितलं तसंच छापलंय." तुला एक ओळ लिहिली तीही माझ्यासाठीच. मी म्हटलं, नाताळ होऊ दे, सांगेन. मग ईस्टर होऊ दे. मग वर्ष झालं, मग दहा. तू प्रत्येक पत्रात त्याला शिव्या द्यायचास आणि माझी विचारपूस करायचास, आणि मी ती घ्यायचे. मी नीच आहे, दुसरा शब्द नाही.

बाल्दोला काठी लागते हेही खोटं होतं. मार्चमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटकं झालं. तो मला म्हणाला होता, त्याला कळवू नकोस, दया येऊन आला तर मला नको. म्हणून मी तुझे मार्ग उलटेपालटे करत बसले, एक दिवस इथला काप, दोन दिवस तिथले काप. गेल्या आठवड्यात दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाला, हा महिना बघू, सप्टेंबरचं मला विचारू नका.

तुला मफाल्दाचं फ्लॉरेन्स बघायचंय हे मला कळतं. मी काही मागायच्या लायकीची नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. त्याच्यासाठी ये, आणि लवकर ये.

देल्फिना

कालाफोस्का
११ ऑगस्ट १९८६

एल्विओ,

पत्र तुला मिळून दहा दिवस तरी झाले असतील. रोज पोस्टात जाते, पोस्टमास्तरीण लांबूनच मान हलवते. शिव्या असतील तर शिव्या पाठव, पण काहीतरी पाठव. काल मी बाल्दोला सांगितलं की मी तुला सगळं लिहिलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. खूश झाला की रागावला, मला कळलं नाही.

तो अजून आहे. आज सकाळी दोन चमचे सूप घेतलं.

दे.

कालाफोस्का, बाल्दोच्या घरून
२० ऑगस्ट १९८६

देल्फिना,

मी परवा दुपारच्या गाडीने आलो हे मी स्टेशनाबाहेर पडायच्या आत तुला कळलं असणार. तू वर गॅलरीत उभी होतीस. मी वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. तू हात उचलला होतास की नाही, मला माहीत नाही. एकाच गावात बसून पत्र लिहितोय, कारण तोंडाने काय निघेल याचा मला भरवसा नाही. बाल्दोची रोझाल्बा हे वर आणून देईल. तिला काही विचारू नकोस. भली पोर आहे, दोन्हीकडून तिची ओढाताण नको.

तुझं पत्र एकतीस जुलैला मिळालं. मी उत्तर लिहायला बसलो आणि जे लिहिलं ते पाठवण्यासारखं नव्हतं. मग तिकीट बदलून घेतलं. व्हेनिस, रोम, सगळं रद्द केलं. मिलानला उतरलो तो थेट इकडच्या गाडीत बसलो. मफाल्दा काही म्हणाली नसती. मला मात्र वाईट वाटलं, तुला कळावं म्हणून लिहितो.

बाल्दोने मला ओळखलं. किती बारीक झालाय गं. डाव्या हाताने त्याने माझा कान धरला, लहानपणी चर्चमध्ये हसलो की धरायचा तसा, आणि सोडेचना. रोझाल्बा म्हणाली, "बाबा, सोडा, दुखतंय त्यांना." दुखत होतंच. मी म्हटलं, राहू दे. मग आम्ही दोघं म्हातारे असे रडलो की तिने खिडकी लावून घेतली. मी विजार वर करून त्याला पाय दाखवले. त्याने बोटाने वण चाचपून बघितले, वैद्यासारखे, एकेक.

काल मी त्याला विचारलं, तू अंगावर का घेतलंस? शब्द जुळवायला त्याला बराच वेळ लागला. "सहा वर्षं... फिना," म्हणाला. "मी... रविवारी." मला वाटलं पुढे काही आहे, मी थांबलो. पुढे काही नव्हतं. तू रोज वर आईचं करत होतीस आणि तो रविवारी जेवायला यायचा, एवढंच त्याचं म्हणणं. आणि मी तर रविवारीही येत नव्हतो.

त्याचं उत्तर मला पटलं. पण पटलं म्हणून राग जात नाही, देल्फिना. अठरा वर्षं मी या माणसाला घाण घाण बोललो, आणि तू दर महिन्याला ते उघडून वाचत होतीस. रोझाल्बाच्या लग्नाला मी आलो नाही. वहिनी गेली तेव्हा ओळ लिहिली नाही. आईने तुला बाई म्हटलं, ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तरी ज्या बहिणीला मी माझी म्हणत होतो तिनेच हे केलं, ते मला गिळवत नाही. तुझ्या घरी मी चढून येणार नाही. पान्सोती पाठवू नकोस.

डॉक्टर आज येऊन गेला. आठ-दहा दिवस, म्हणाला. बाल्दो सारखा दाराकडे बघतो. मी इथे आल्यापासून तू खाली उतरली नाहीस, ते त्याला टोचतंय, आणि ते माझ्यामुळे आहे हे मला कळतं. त्याचे दिवस मी खाणार नाही. रोज संध्याकाळी पाच ते सहा मी धक्क्यावर फिरायला जाईन. त्या तासात तू ये, त्याच्याजवळ बस, त्याला भरव. सहा वाजता मी परत येईन, त्याआधी वर जा.

उद्या मी जाईन. परवाही जाईन. त्यापुढचं सांगत नाही. इथल्या उकाड्यात माझ्या छातीत दम राहत नाही, एखाद्या दिवशी मला घराबाहेर पडणं जमायचं नाही. तरी तू तुझी वेळ चुकवू नकोस.

एल्विओ